केरवालच्या शिलेदाराची बायको

१४ मे १९५८

लेओनी,

तुझा पत्ता पाद्रीबाबांकडून घेतला. आई गेली तेव्हा त्यांनीच तुला तार केली होती, म्हणून त्यांच्याकडे तो होता. मी भांडायला लिहीत नाहीये. अकरा वर्षांत भांडणातला दम निघून गेला.

गावात सिनेमावाले आलेत, म्हणून लिहितेय. आपल्या केरवालच्या शिलेदारावर सिनेमा काढतायत. टोकावरच्या पडक्या बुरुजाला लाकूड आणि रंगवलेलं कापड लावून त्यांनी तो पुन्हा उभा केलाय. लांबून खरा वाटतो, जवळ गेलं की सरसाचा वास येतो. त्या बुरुजात आपण खेळायचो, आठवतं? तू कायम समुद्रापलीकडची राजकन्या, होडीतून यायचीस. मी मोठी, माझ्या अंगावर एप्रन, म्हणून मला शिलेदाराची बायको व्हावं लागायचं. किल्लीवाली. आत शिलेदार मरतोय, बाहेर त्याची राजकन्या दार ठोठावतेय, आणि ही बया कमरेला किल्ली लावून बसलीय, सकाळपर्यंत उघडत नाही. तू दारावर इतकी खरी रडायचीस की शेजारची फिन चुलीवरचं तसंच टाकून धावत यायची.

फिन अजून आहे. आता म्हातारी झाली. तिला सिनेमात भिकारीण केलंय. "मला म्हणाले, बाई, तुम्ही कपडे बदलू नका, आहात तशाच या. आता याला मान म्हणायचं का अपमान?" असं सगळ्यांना विचारत फिरते.

गुल्वेनलाही काम मिळालंय. हो, नाव लिहिलं. कधीतरी लिहावं लागणारच होतं. त्यांनी पॅरिसहून आणलेले घोडे दिसायला देखणे, पण लाट पायाला लागली की मागे सरतात. गुल्वेनची घोडी, कोकेत, शेवाळाची गाडी ओढत पोटापर्यंत पाण्यात जाते हे कुणीतरी सांगितलं, आणि त्यांनी घोडीसकट माझ्या नवऱ्यालाही उचललं. जिथे शिलेदाराचा चेहरा दिसणार नाही, नुसता घोड्यावर दौडताना दिसेल, तिथे चिलखतात गुल्वेन असणार. कोकेत तांबडी आहे, पण शिलेदाराला काळा घोडा हवा, म्हणून तिला काळा रंग फासलाय. ती लाजल्यासारखी उभी राहते.

बाकी सगळं ठीक. गुल्वेनला जरा खोकला आहे, शेवाळ जाळायच्या भट्टीचा धूर, दुसरं काय. तू बरी आहेस ना? तिकडे परदेशात टोप्यांच्या दुकानात काम करतेस असं कळलं. तुझे हात कायम चांगले होते.

कोरांतिन


३ जून १९५८

लेओनी,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, कागद उरलाय म्हणून लिहिते.

परवा किनाऱ्यावर दौड झाली. सगळं गाव बंधाऱ्यावर बसलं होतं, कणकेचा गोळा तसाच झाकून बायका आलेल्या. सांगणारा एक पोरसवदा साहेब होता, त्यानं गुल्वेनला समजावलं, "तुमची प्रेयसी त्या होडीत आहे. तिच्याकडे निघाल्यासारखे बसा."

गुल्वेन म्हणाला, "मी शेवाळ आणायला निघतो तसाच बसतो. घोडीला काय फरक कळतो?"

सगळे हसले. मीही हसले. पण तो निघाला तेव्हा कुणी हसलं नाही. लेओनी, तू त्याला पंचविशीत पाहिलंस. तो तसाच दिसत होता. पाठ ताठ, मांड पक्की, कोकेत पाण्याचे पंखे उडवत धावतेय, आणि चिलखतावर ऊन. शेवाळाची गाडी हाकणारा माझा नवरा कुठे गेला ते मलाच कळेना. फिननं कोपरानं मला ढोसलं. "काय गं तिन, एवढं डोळे फाडून काय बघतेस? तुझाच आहे." आणि वर म्हणाली, "होडीतली मात्र दुसरीच कुणीतरी."

फिनची जीभ तुला माहीत आहे. तिला औषध नाही.

दौड त्यांना पुन्हा पुन्हा हवी होती. कधी ढग आला, कधी कोकेतचा रंग पाण्यात उतरून पोटाखाली तांबडी दिसायला लागली. प्रत्येक वेळी तिला पुन्हा रंगवायचं. दुपार उलटली तेव्हा गुल्वेननं शिरस्त्राण काढलं आणि खाली उतरायला घोडीच्या मानेला धरलं. इतकी वर्षं त्याला असं धरताना मी पाहिलं नव्हतं. गळ्यातला रुमाल त्यानं खिशात कोंबला. घरी मी तो काढला तर म्हणाला, रंग लागलाय. काळ्या घोडीचा लाल रंग. मिठाच्या पाण्यात भिजवला की असा डाग निघतो, निघाला.

जेवला नाही. बूट न काढता झोपला.

तुला एक सांगायचं राहूनच गेलं इतकी वर्षं. तू गेलीस त्या सकाळी तो दाराशी आला होता. तुमच्या लग्नाची घोषणा चर्चमध्ये दोनदा वाचून झालेली, तुझा पोशाख शिवणारणीकडे बेतलेला. तो नवीन बूट घालून आला आणि आईला विचारलं, "लेओनी तयार आहे का? ब्रेस्टला जायचंय, अंगठीचं माप द्यायला." आईनं त्याला सांगितलं की तू पहाटेच्या बसनं ब्रेस्टलाच गेलीस, आणि तिथून पुढेही. तो म्हणाला, "बरं." आणि अंगणातली पडलेली लाकडं फोडायला बसला. सगळी फोडली. मग गेला. दोन वर्षं काही ना काही दुरुस्त करायला येत राहिला, आणि एक दिवस छपरावरून उतरून मला लग्नाचं विचारलं.

हे मी तुला टोचायला सांगत नाही. तू विचारलं नसतंस म्हणून सांगितलं.

कोरांतिन


२९ जून १९५८

लेओनी,

तुझं कार्ड मिळालं. बर्फातलं चर्च छान आहे. सिनेमाची नटी कोण, तिच्या अंगावर काय कपडे असतात, हे तू विचारलंयस. त्याच्याविषयी काही विचारलं नाहीस. ठीक आहे.

नटीचं नाव मादमोझेल इरेन. बारीक चणीची, सतत थंडी वाजणारी. लाकडी बूट घालून कसं चालायचं ते शिकायला दोन दिवस आपल्याकडे येत होती. चुलीजवळ बसून काळ्या गव्हाचे घावन खाल्ले, खारं लोणी बोटानं चाटून खाल्लं. वाईट मुलगी नाही. गुल्वेन आत आला की उठून उभी राहायची, जणू तोच खरा शिलेदार.

तिच्याबरोबर एकदा दिग्दर्शक आले, मस्यू दारसेल. गोष्ट गावच्या माणसाच्या तोंडून ऐकायची म्हणाले. मग मी सांगितली, आई सांगायची तशी. शिलेदार राजकन्येवर जीव टाकतो, पण ती समुद्रापलीकडे निघून जाते. तो घरी दुसरीशी लग्न करतो. लढाईत विषारी भाला लागतो आणि तो वर्षभर खाटेवर पडतो. शेवटी राजकन्येला निरोप जातो, ती येते, पण बायको दार उघडत नाही. सकाळी उघडते तेव्हा तो गेलेला असतो.

ते म्हणाले, "सुंदर सांगता. पण आमच्याकडे बायको नाही."

"म्हणजे?"

"बायकोला आम्ही वगळलंय. दीड तासात तिघं मावत नाहीत. आणि खरं सांगू का मादाम, लोक भलत्याचीच दया करायला लागतात. आमची राजकन्या वेळेवर पोचते, त्याला बरं करते, आणि दोघं होडीतून निघून जातात. लोकांना हसतमुखानं घरी पाठवायला हवं."

मी म्हटलं, "तो वर्षभर खाटेवर होता ना? मग त्याला धुतलं कुणी? कूस कुणी बदलली? तोंडात पेज कुणी घातली?"

मस्यू दारसेल हसले. सज्जन हसणं होतं, चेष्टेचं नव्हतं. म्हणाले, "ते दाखवायला सिनेमा नाही पुरत."

गुल्वेन कोपऱ्यात बसून ऐकत होता. ते गेल्यावर म्हणाला, "तू भांडलीस कुणासाठी? त्या किल्लीवालीसाठी? लहानपणी तिचं नाव काढलं तरी तू चिडायचीस."

"तेव्हा मला ती कळली नव्हती," मी म्हटलं.

मग खोकल्याची उबळ आली आणि त्याला बाहेर जावं लागलं.

कोरांतिन


२० जुलै १९५८

लेओनी,

सिनेमावाले गेले. बुरुजाचं कापड काढून नेलं, खिळे तसेच आहेत.

आता खरं लिहिते. खोकला भट्टीच्या धुराचा नाही. एप्रिलमध्येच मी त्याला ब्रेस्टला मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही आधी. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि मला खुर्ची दिली, तेव्हाच मी समजले. दोन्ही बाजूंना गाठी पसरल्यात. कापण्यासारखं राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, पानगळीपर्यंत, फार तर नाताळ.

बाहेर येऊन मी त्याला सांगितलं, धुरापासून लांब राहायला सांगितलंय. तो म्हणाला, "एवढ्यासाठी तुला खुर्ची दिली होय?" मग बसमध्ये माझा हात धरून बसला. आपल्याकडे कुणी बसमध्ये हात धरतं का? समोर फिनची सून बसली होती. तिच्याकडे बघूनही त्यानं सोडला नाही.

असं असताना मी त्याला चिलखत घालून घोड्यावर का बसू दिलं, असं तू म्हणशील. गावही म्हणतं. त्याला बसायचं होतं म्हणून.

आता तो अंथरुणाला लागलाय. दिवसा खाट खिडकीशी ओढते, समुद्र दिसावा म्हणून. तुला जमलं तर ये. मी एवढंच लिहिते.

कोरांतिन


१७ ऑगस्ट १९५८

लेओनी,

विमानाच्या टपालानं तुझं पत्र आलं. त्यात तू एकच ओळ लिहिलीस. त्यानं मला बोलावलंय का?

काय झालं ते जसंच्या तसं सांगते, मग तू ठरव.

रविवारी ऊन होतं. मी त्याला उशा लावून दाराशी बसवलं होतं. तो दाताळ्याचा तुटलेला दात बसवत होता, हातात जोर नाही तरी. मी म्हटलं, "लेओनीला पत्र लिहितेय मी."

"कधीपासून?"

"मेपासून."

"काय लिहितेस?"

"सिनेमाचं."

"मग बरंय," म्हणाला. दात बसेना, तो त्यानं खाली ठेवला. "ती आली तर तिला कॉफी तूच करून देणार. मग ती रडणार. मग तिला रुमालही तूच देणार. हौस आहे का तुला एवढी?"

"रुमाल आहेत घरात."

तो हसला, म्हणजे त्याला हल्ली हसता येतं तेवढं. मी विचारलं, "बोलावू का?"

"तुझी बहीण आहे. तुला हवी असेल तर बोलाव."

"तुला?"

समोरून कोकेत चालली होती. रंग निम्मा उतरल्यामुळे आता ती कुठल्याच जातीची दिसत नाही. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "हिला सप्टेंबरात नाल बदलायला हवी."

तेव्हा तुझ्या ओळीचं उत्तर असं, की त्यानं बोलावलं नाही. मी बोलावतेय.

का, ते विचारू नकोस असं लिहून मी ते पान फाडलं. विचारशीलच. गावात बायका मला तोंडावर काही म्हणत नाहीत, पण पाठीमागे किल्लीवाली म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ते मी सोसेन. दुसरं सोसत नाही. तो तुला विसरला की नाही हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं मला बरं वाटेल असंच काहीतरी सांगितलं असतं. तू दारात उभी राहशील तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मला बघायचंय. मग जे असेल ते असो. ते न बघता तो गेला, तर मी उरलेला जन्म नुसती अंदाज करत बसेन.

लवकर निघ.

तिन


३१ ऑगस्ट १९५८

लेओनी,

तार मिळाली. बोटीतून उतरलीस की पॅरिसला थांबू नकोस. ब्रेस्टहून बस आता दुपारीही आहे. मी नाक्यावर गाडी घेऊन उभी राहीन. गरम कपडे आण. त्याला तुझ्या येण्याचं सांगितलं. म्हणाला, "मग दाढी करायला हवी."

तिन


१९ ऑक्टोबर १९५८

लेओनी,

दफन झाल्यावर तू गेलीस. बसमध्ये चढताना माझ्या गालाला गाल लावलास आणि काही बोलली नाहीस. आता तू पोचली असशील.

तुला तुझी बाजू माहीत आहे. माझी माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आधी तू आलीस तो दिवस. ज्याच्यासाठी मी तुला समुद्रापलीकडून बोलावलं ते मला दिसलंच नाही. तू पुढे, मी तुझी पेटी घेऊन मागे. दारात तू थांबलीस आणि तुझ्या त्या मोठ्या टोपीनं सगळी खाट झाकली. मी पेटी खाली ठेवून बाजूनं पुढे आले तोवर तो नेहमीसारखा झाला होता. "ये लेओनी. प्रवास कसा झाला?" म्हणाला. बाजारात भेटल्यासारखं. एवढ्यावरून मी काय ओळखणार?

पुढचे दिवस तू त्याच्याजवळ बसत होतीस आणि मी तुमच्याभोवती झाडत, पुसत होते. मी खोलीत आले की दोघं गप्प व्हायचात. गप्प होत होतात की आधीपासूनच गप्प होतात, तेही कळायचं नाही. मला वाटलं, माझ्यामुळे काही बोलायचं अडून राहत असेल. एवढ्या लांबून माणूस आलंय, त्याला मोकळं बोलायला एक सकाळ तरी मिळावी.

सप्टेंबरअखेरची मोठी ओहोटी आली. वर्षात एक-दोनदाच लांबचे खडक उघडे पडतात, सगळं गाव शेवाळ कापायला जातं. डॉक्टर आदल्या दिवशी येऊन गेले होते, अजून दोन-तीन आठवडे म्हणाले होते. मी कोकेतला गाडीला जुंपलं. तू म्हणालीस, "आज कशाला जातेस?" मी म्हटलं, "हिवाळ्याची तरतूद." त्यानं डोळे उघडून माझ्या पायांकडे बघितलं. "जाड मोजे घाल," म्हणाला. मी घातले.

खडकांवर फिन होती, या वयात, कंबर मोडून. मला बघून सरळ उभी राहिली. "नवरा तिच्याजवळ सोडून आलीस?"

"दार उघडं ठेवून आलेय," मी म्हटलं.

ती पुन्हा वाकून कापायला लागली.

मी भरपूर कापलं. गाडी भरून निघाले. बंधाऱ्यावर चढले तर आपल्या घराच्या खिडक्यांच्या झडपा मिटलेल्या. भर दुपारी, ऊन असताना. आपल्याकडे दिवसा झडपा कधी मिटतात ते लहान पोराला पण कळतं. मी घरात गेले नाही. आधी कोकेतला सोडलं. तिला पाणी दाखवलं. तिच्या अंगावरचं खारं पाणी गवताच्या मुठीनं पुसलं. ती पिऊन होईपर्यंत तिच्याजवळ उभी राहिले. जोवर मी अंगणात होते तोवर आत काही झालेलं नव्हतं.

मग आत आले. तू त्याचे डोळे मिटले होतेस, घड्याळ थांबवलं होतंस. अकरा वर्षं परदेशात राहूनही तुला ते आठवलं. तू म्हणालीस, "आत्ताच गेला." मी त्याचा हात धरला तर तो आत्ताचा नव्हता, थोडा आधीचा होता.

उन्हाळाभर त्याला धुतलं, भरवलं, रोज कूस बदलली, आणि त्या एका वेळी मी तिथे नव्हते. तू होतीस. दफनाच्या वेळी काही जण आधी तुझ्याशी हात मिळवायला गेले, ते तू पाहिलंस का? मी पाहिलं.

मी तुला दोष देत नाहीये. मीच बोलावलं, मीच उठून गेले. तुझ्याशी तो जे बोलला असेल ते तुझं, मला त्यातला वाटा नको. फक्त दोनच गोष्टी सांग. त्याला फार त्रास झाला का? आणि शेवटी काही म्हणाला का?

तिन


१६ मार्च १९५९

लेओनी,

हिवाळाभर तुझं काही आलं नाही. मी ठरवलं होतं, आता विचारायचं नाही. गुरुवारी पत्र आलं. मी ते वाचून ठेवून दिलं, पुन्हा वाचलं, आणि काल रात्रीपर्यंत उत्तर लिहायला हात धजला नाही.

आधी सिनेमाचं सांगते. रविवारी चर्चच्या मोठ्या खोलीत दाखवला, पडदा म्हणून पाद्रीबाबांनी चादरी शिवून घेतल्या. सगळं गाव होतं. मला पहिल्या बाकावर बसवलं, लग्नातल्या वरमाईसारखं. सगळे आपापलं शोधत होते. फिन भिकारीण म्हणून आली तेव्हा टाळ्या पडल्या, ती उठून उभी राहिली आणि मागच्यांनी तिला खाली बसवलं.

मग दौड आली. रंग नाही, करडं सगळं, तरी मला कोकेत तांबडीच दिसली. तो लांबून येत होता, पाठ ताठ. तोंड लोखंडात झाकलेलं. पण ती मांड आमच्या गावात कुणालाही ओळखू येते. मागून पियेरिक लोहार हळूच म्हणाला, "आला बघ." बायका रडायला लागल्या. मी नाही रडले, मला बघायचं होतं. तो जवळ, अजून जवळ आला, घोडी थांबली, त्यानं शिरस्त्राण वर केलं, आणि आतून तो पॅरिसचा नट निघाला. गोरा, दाढी केलेला, दातांची ओळ. खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मी पुढचं फारसं बघितलं नाही. राजकन्या वेळेवर पोचली. त्याला बरं केलं. दोघं होडीतून गेले. दिवे लागले तेव्हा कुणी हसतमुखानं घरी जात नव्हतं, मस्यू दारसेलना कळवायला हवं.

आता तुझं पत्र. तुला लिहायची लाज वाटत होती म्हणतेस. मी तुझीच ओळ खाली उतरवते, म्हणजे मी बरोबर वाचली का ते तू बघ.

"त्रास फार झाला नाही. श्वास लहान लहान होत गेला. तू म्हणतेस तसं तो माझ्याशी काहीच बोलला नाही, तिन, त्या सकाळीही नाही आणि आधीही नाही. शेवटी शेवटी दोन-तीनदा एकच विचारलं, पाणी वळलं का? मी म्हटलं, मला माहीत नाही. मग खिडकीकडे तोंड करून पडला. मी अर्ध्या जगावरून आले आणि तो मला ओहोटीचं विचारत होता. शेवाळवाला तो शेवाळवालाच राहिला, असं मनात आलं. तुला काय लिहिणार होते?"

लेओनी, तू लहान वयात गेलीस. तू कधी कुणाला खडकांवर पाठवून घरात बसली नाहीस, म्हणून तुला कळलं नाही. यात तुझी काही चूक नाही. ओहोटीला माणसं पार लांबच्या खडकांपर्यंत जातात. पाणी वळलं की त्यांना निघावंच लागतं, नाहीतर मागून वाट बुजते. ज्याचं माणूस बाहेर असतं तो घरात बसून सारखं तेच विचारतो. आई बाबांसाठी विचारायची. मी नऊ वर्षं त्याच्यासाठी विचारलं, मिळेल त्या शेजाऱ्याला, वाटेनं जाणाऱ्याला. पाणी वळलं का. त्यानं विचारलं म्हणजे, तिन यायला निघाली का.

हे मी तुला लिहू की नको, याचाच विचार करत होते. लिहिलं तर तुला वाटेल, मी उगाच एवढा समुद्र ओलांडला. पण तू मला खरं लिहिलंस, तर मलाही लिहायला हवं. आणि खरं एवढ्यावर संपत नाही. त्या दिवशी पाणी वळलं तेव्हा मी निघाले नाही. फिन, तिच्या सुना, सगळ्याजणी निघाल्या, मला हाका मारत होत्या. मी म्हटलं, व्हा पुढे. गाडी भरलेलीच होती. तुम्हा दोघांना अजून थोडा वेळ मिळावा म्हणून मी खडकावर बसून राहिले, मोजे भिजेपर्यंत.

तुझी तिन